गाडीत पाणी येते कुठून?

मिरग लागला की आमच्या गोव्यात दोन ओरडी एकदम सुरू होतात. एक बेडकांची आणि दुसरी जुन्या गाड्यांच्या मालकांची. बेडकांचे चतुर्थीपर्यंत आटोपते, गाडीवाल्यांचे मात्र दिवाळीपर्यंत चालूच असते. सकाळी दार उघडावे तर आत ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. काचेवर आतून वाफ. डाव्या बाजूच्या पायपुसण्यावर पाय ठेवला की पच्च असा आवाज. मग चहाच्या दुकानात, ऑफिसात, देवळाच्या पायऱ्यांवर तोच एक विषय, की पाणी येते तरी कुठून?

माझी गाडी २००१ सालची. लहान, पेट्रोलवर चालणारी. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, हे पुढे येईलच. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणी नव्याने करून घेतली. इंजिन अजून ठणठणीत आहे आणि ती विकायचा विचार माझ्या मनात नाही. या गाडीने मला तीन पावसाळे छळले. त्यातून माझे एक मत झाले आहे, ते आज मांडतो. आपण गाडीची गळती बुजवायला पैसे देतो, शोधायला देत नाही, आणि म्हणूनच ती थांबत नाही.

पहिल्या पावसाळ्यात मी नेहमीच्या गॅरेजात गेलो. मेस्तने वाकून कार्पेट दाबून पाहिले आणि निकाल दिला, "पोरनी गाडी न्हय? उदक येतलेंच." मग "शिलिकॉन मारतां, जातलें" असे म्हणून त्याने पुढच्या काचेच्या रबराभोवती पारदर्शक सिलिकॉनची एक लांबलचक रेघ ओढली. दोन दिवस कोरडे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा पच्च. पुन्हा गेलो. दुसरी रेघ दाराच्या वरच्या कडेला. मग तिसरी छपरावरच्या काळ्या पट्टीत, चौथी एरियलच्या बुडाशी. पावसाळा संपेपर्यंत माझी गाडी वाढदिवसाच्या केकसारखी दिसू लागली होती आणि पाणी येतच होते. गंमत म्हणजे दर वेळी मी पैसे देत होतो आणि दर वेळी मनात समाधानही होत होते, की चला, काहीतरी केले!

दुसऱ्या वर्षी गॅरेज बदलले. तिथला माणूस जास्त पद्धतशीर होता. त्याने गाडी धुण्याच्या यंत्राने पुढच्या काचेवर जोरात पाणी मारले, दहा मिनिटे मारले आणि आत हात घालून म्हणाला, "कांयच ना." खरेच, आत थेंब नव्हता. घरी आणली, रात्री पाऊस पडला, सकाळी तळे. पुन्हा नेली, पुन्हा कोरडी. शेवटी तो म्हणाला की पुढची काच काढून रबर नवे बसवू. अंदाजे खर्च ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो. गॅरेजात गळत नाही आणि आमच्या अंगणात गळते, हा काय प्रकार आहे हे मला त्या वेळी कळले नाही. खरे तर उत्तर त्या एका वाक्यातच होते, पण आम्ही दोघेही काचेच्या मागे लागलो होतो.

इथे त्या सिलिकॉनविषयी थोडे बोलतो, कारण गोव्यात न्हाणीघराच्या फरशीपासून गाडीपर्यंत सगळ्या रोगांवर हेच एक औषध झाले आहे. हार्डवेअरच्या दुकानात जी स्वस्त नळी मिळते, तिला वाळताना शिरक्यासारखा, म्हणजे आपल्या व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास खऱ्याच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा असतो. उघड्या पत्र्यावर ते लागले की गंज धरायला मदतच होते. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही, नंतर टिंकरकडे नेली तर तो आधी ते खरवडण्यातच अर्धा दिवस घालवतो आणि शिव्या देतो. पण सगळ्यात वाईट म्हणजे, जिथून पाणी बाहेर पडायचे तीच फट कधीकधी बुजवली जाते. पत्र्याच्या जोडासाठी वेगळे सीलंट येते, काचेसाठी वेगळे, दाराच्या आतल्या प्लॅस्टिकसाठी काळी चिकट ब्युटाइलची पट्टी येते. प्रत्येकाची जागा ठरलेली. पण ती जागा आधी सापडायला हवी ना!

तिसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी ओटीवर बसून असाच कुरकुरत होतो. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "थेंबो पडटा थंय नळो फुटिल्लो नासता." आमचे जुने घर कौलारू. लहानपणी दर पावसाळ्यात कुठेतरी गळायचे आणि आम्ही मुले खाली भांडी मांडायचो. थेंब पडायचा आजीच्या खाटेवर, पण कौल फुटलेले असायचे चार ओळी वर, कधी कोन्याच्याही पलीकडे. पाणी आत शिरले की वाशाच्या अंगाने घरंगळत यायचे आणि वाशाला गाठ किंवा खिळा लागला की तिथे टपकायचे. वर चढलेला माणूस खाटेच्या डोक्यावरचे कौल कधीच बदलत नसे. तो आधी विचारायचा, पाऊस कुठल्या वाऱ्याचा होता?

कौलारू छपराचा हा हिशेब ज्याला कळतो त्याला गाडी कळायला वेळ लागत नाही. कौले काही डबा बंद केल्यासारखी घट्ट नसतात. दोन कौलांत फट असतेच. पाणी अडवण्यापेक्षा त्याला उताराने लावून देणे हे त्यांचे काम. गाडीचेही तसेच. आपण समजतो की गाडी म्हणजे पाणी न शिरणारी पेटी. तसे अजिबात नाही. पावसाचे पाणी गाडीत रोज शिरते आणि रोज बाहेर पडते, ते शिरेल हे धरूनच ती बनवलेली असते. दाराची काच खाली घेताना बाहेरून जी रबराची पट्टी काचेला घासते, तिच्यातून पाणी दाराच्या पोटात जातेच. दाराच्या तळाला दोन-तीन भोके असतात, तिथून ते खाली पडते. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते, तिच्यातून काचेवरचे सगळे पाणी आत एका पत्र्याच्या पन्हाळीत पडते आणि दोन्ही टोकांच्या वाटांनी पुढच्या चाकांच्या मागे उतरते. ज्या गाड्यांच्या छपराला उघडणारी काच असते, त्यांच्या चारही कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. एसीचे पाणी एका वेगळ्या नळीने गाडीखाली ठिबकते. या वाटा मोकळ्या असल्या की तुम्हाला पाण्याचा पत्ताही लागत नाही. तुंबल्या की पाणी दुसरी वाट शोधते, आणि ती वाट बहुधा तुमच्या पायाशी येते.

म्हणजे आत पाणी आले की पहिला प्रश्न विचारायचा तो "भोक कुठे पडले" हा नव्हे. "पाणी कुठून जायला हवे होते" हा. हे मला तीन वर्षे कोणी सांगितले नाही. मलाही सुचले नाही, खोटे कशाला बोलू.

आणखी एक, आधी पाणी कसले हे ठरवावे. बाहेर कडक ऊन असतानाही पायाशी ओल येत असेल, पाणी स्वच्छ आणि गार असेल, तर तो पाऊस नव्हे, एसी आहे. एसी पंधरा-वीस मिनिटे चालवा, गाडी उभी ठेवा आणि खाली वाकून पाहा. गोव्याच्या दमट हवेत खाली थेंब पडायलाच हवेत. नाही पडले तर ती नळी धुळीने बंद झाली आहे. ओल तेलकट असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर चिकट वाफ बसत असेल, तर रेडिएटरचे कूलंट हीटरच्या भागातून झिरपते आहे. ते काम मेस्तचेच, त्यात आपण हात घालू नये. आणि पाणी मातकट असेल, बरोबर बारीक पाने-कचरा असेल, पाऊस पडल्यावरच येत असेल, तर मग आपल्याला शोधायला लागायचे.

माझे तिसऱ्या प्रकारचे. एका रविवारी सकाळी मी उघाडीची वेळ साधून कामाला लागलो. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा टॉर्च घेऊन आत बसला आणि मी बाहेर बागेची पाइप धरून उभा. आधी डावीकडचे पायपुसणे काढले, दाराच्या उंबरठ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचकटली आणि कार्पेट शक्य तेवढे मागे दुमडले. कार्पेटवर राहून काही दिसत नाही. त्याच्याखाली जाड फोम असतो, तो पाणी ओढून घेतो आणि दूरवर पसरवतो. ओल दिसते सीटखाली आणि पाणी आलेले असते डॅशबोर्डखालून. उघड्या पत्र्यावर मी घरातली टाल्कम पावडर भुरभुरली. (बायकोने डबा बघितला तेव्हा जे काही झाले ते इथे लिहीत नाही.) पावडरवर थेंबाची वाट स्पष्ट उमटते. पावडर नसेल तर जुने वर्तमानपत्र पसरावे, तेही चालते.

पाणी मारण्याची रीत महत्त्वाची आहे. गॅरेजवाला जोराने मारत होता, ती चूक. पाऊस काही यंत्राच्या दाबाने पडत नाही. जोराच्या पाण्याने चांगले रबरसुद्धा उचलले जाते आणि भलतीच जागा गळताना दिसते. पाइपचे तोंड मोकळे ठेवावे, पाणी नुसते वाहू द्यावे. आणि सुरुवात खालून करावी. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची पट्टी, मग वायपरची जाळी, मग पुढच्या काचेची खालची कड, बाजूच्या कडा, सगळ्यात शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यांवरूनच ओघळते आणि नेमके कुठून शिरले ते कळायला मार्ग राहत नाही. प्रत्येक जागेला निदान दहा मिनिटे द्यायची. हे दहा मिनिटांचे प्रकरण फार कंटाळवाणे असते. आतला मुलगा मोबाइलवर काहीतरी बघायला लागला होता.

दाराला काही झाले नाही असे त्या वेळी वाटले. मग वायपरच्या जाळीवर पाणी सोडले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, काही नाही. माझा धीर सुटायला आला होता. आणि तेव्हा डोक्यात आले की गाडी आम्ही तपासणीसाठी म्हणून पुढे, तुळशीवृंदावनासमोरच्या सपाट जागेवर आणली आहे. एरवी ती उभी असते गडग्याला लागून, गुलमोहोराच्या खाली, आणि तिथे जमीन डावीकडे उतरती आहे. गॅरेजची फरशीही सपाटच! आम्ही गाडी ढकलत गडग्यापाशी नेली, नेहमीसारखी डावीकडे कलती उभी केली आणि पुन्हा पाणी सोडले. तीन-चार मिनिटांत आतून ओरड आली, "काका, आयलें! आयलें!"

डॅशबोर्डखाली डाव्या हाताला ब्लोअरचा जो गोल डबा असतो, त्याच्या बुडातून पाण्याची धार लागली होती.

वायपरचे हात काढले, जाळीचे स्क्रू काढले आणि जाळी उचलली. खालच्या पन्हाळीत डाव्या कोपऱ्यात काळे, कुजलेले खत भरले होते. अक्षरशः कुंडीत घालावे असे. गुलमोहोराची पाने म्हणजे बारीक बारीक पानोळ्या, त्या जाळीतून सहज आत जातात. चिंचेचे तसेच, सुरूच्या काड्यांचे तसेच. फणसाचे किंवा आंब्याचे पान मोठे, ते वरच अडते आणि आपण उचलून टाकतो. मेमध्ये आपण ज्याच्या सावलीसाठी धडपडतो तोच गुलमोहोर जूनमध्ये दगा देतो. वर्षानुवर्षांच्या पानोळ्या, त्यावर आमच्या रस्त्यांची तांबडी धूळ. सगळ्याचा गोळा होऊन डावीकडची वाट पूर्ण बंद झाली होती. उजवीकडची मोकळी होती. त्यामुळे सपाट जागी सगळे पाणी उजवीकडून निघून जायचे. गाडी डावीकडे कलली की पाणी डाव्या कोपऱ्यात साठायचे. बाहेरची हवा आत घेण्याचे तोंड त्याच कोपऱ्यात, त्याला बोटभर उंचीचा काठ असतो. पाण्याची पातळी त्या काठावर चढली की ते ब्लोअरमध्ये आणि तिथून पायाशी. काच निर्दोष, रबर निर्दोष, छप्पर निर्दोष. मी दोन वर्षे निर्दोषांना सिलिकॉन लावत होतो.

चमच्याने ते खत काढले, जवळजवळ नारळाच्या करवंटीभर निघाले. वरून तांब्याभर पाणी ओतले, चाकामागून भसाभसा बाहेर पडले. खर्च शून्य रुपये. मी त्या दिवशी शेजारपाजारच्या तिघांना बोलावून हे दाखवले, इतका मला आनंद झाला होता.

आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ओल!

पहिल्याइतकी नव्हती, पण होती. इथेच बहुतेक लोक हात टेकतात. "सगळे करून पाहिले, जुनी गाडी, नशीब" असे म्हणतात. माझा अनुभव असा की जुन्या गाडीत गळती क्वचितच एकटी असते. मोठी बंद झाली की धाकटी दिसू लागते. मी डावे दार उघडून आतल्या पुठ्ठ्यावर हात फिरवला. खालचा भाग फुगून मऊ झाला होता. दार आपटले की आत पाणी डचमळल्यासारखा आवाज यायचा, तो मी इतके दिवस ऐकूनही ऐकला नव्हता. पुठ्ठा काढला. दाराच्या पत्र्यावर आतून एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो पाण्यासाठी असतो हे फार थोड्यांना माहीत असते. आधीच्या वर्षी काच वरखाली करण्याचे यंत्र बिघडले होते तेव्हा दुरुस्तीवाल्याने तो पडदा अर्धा फाडून तसाच लोंबता ठेवला होता. त्याचा तरी काय दोष, गाडी संध्याकाळपर्यंत हवी म्हणून मीच मागे लागलो होतो. दाराच्या पोटात उतरणारे पाणी फाटक्या भागातून पुठ्ठ्यावर आणि पुठ्ठ्यावरून आत. तळाची तीन भोके होती, त्यातली दोन चिखलाने बुजलेली. रविवारच्या परीक्षेत दार सुटले, कारण दार भरायला दहा मिनिटे पुरत नव्हती, रात्रभराचा पाऊस लागत होता.

जाड प्लॅस्टिक कापून ब्युटाइलच्या पट्टीने नवा पडदा बसवला. यात एक खुबी आहे. पडद्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत सोडायची असते, म्हणजे त्याच्यावरून ओघळलेले पाणी दारातच पडते. ती बाहेर राहिली तर पडदा असून नसल्यासारखा. तुम्ही गाडीत नवे स्पीकर बसवून घेतले असतील आणि त्यानंतर ओल सुरू झाली असेल, तर बाकी कुठेही न बघता आधी हा पडदा बघा.

इतके झाल्यावर कार्पेट पूर्ण काढायचे ठरवले, कारण आपल्याकडे पावसाळ्यात ओला फोम आपोआप वाळत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, अशा हवेत कपडे आठवडाभर वाळत नाहीत तिथे फोम काय वाळणार? डावी सीट काढली. चार बोल्ट. तीन निघाले. चौथा, मागचा, दाराच्या बाजूचा, निघाला नाही, तो पाना लावताच भोवतीच्या पत्र्यासकट हलला. स्क्रूड्रायव्हरने नुसते टोचले तर पत्रा बिस्किटासारखा सुटू लागला.

त्या सीटवर आई बसते. डॉक्टरकडे, देवळात, लग्नाकार्याला, कुठेही. सीटचा पट्टा कितीही घट्ट बांधला तरी सीटच जिथे बसवलेली आहे तो पत्रा गेलेला असेल तर जोराचा ब्रेक लागल्यावर किंवा धडक बसल्यावर काय होईल, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. तोवर माझ्या लेखी गळती म्हणजे वास आणि पच्च आवाज, एवढेच होते. आईला गाडीत बसले की खोकला यायचा. आम्ही म्हणायचो एसीचा गारठा बाधतो. फोम उलटला तर खालून काळ्या-हिरव्या बुरशीचे नकाशे. मी डॉक्टर नाही, पण फोम बदलल्यापासून गाडीतला तो खोकला गेला आहे.

गाडी टिंकरकडे दिली. त्याने गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, जोडांवर योग्य ते सीलंट मारले, खालून कोटिंग केले. कार्पेटखालच्या वायरिंगचे दोन जोड हिरवे पडले होते, तेही साफ करून घेतले. जो खर्च आला तो तीन वर्षांच्या सगळ्या सिलिकॉनच्या अनेक पटींनी होता. पहिल्याच पावसाळ्यात कोणी दोन-तीन तास शांतपणे शोधले असते तर यातले काहीच झाले नसते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मेस्तने का शोधले नाही? त्याला अक्कल नव्हती म्हणून? मुळीच नाही. तो माझ्यापेक्षा शंभरपट जाणतो. पण विचार करा, त्याने जर मला सांगितले असते, "गाडी दोन दिवस ठेवा, मी शोधतो, सापडो न सापडो, माझ्या वेळेचे हजार रुपये द्या," तर मी काय म्हटले असते? मी म्हटले असते हा लुबाडतो आहे. नवीन पार्ट नाही, काही बदलले नाही, नुसते बघण्याचे पैसे? सिलिकॉनची रेघ डोळ्यांना दिसते, तिचे पैसे मी खुशीने दिले. पानोळ्यांचा गोळा काढून दाखवला असता तर त्याचे पैसे देताना मी कदाचित घासाघीसच केली असती, "चमच्याने कचरा काढलास, त्याचे एवढे?" आपल्याला बिलावर वस्तू लागते. डोके लावल्याचे पैसे आपण डॉक्टरला आणि वकिलाला देतो, गॅरेजवाल्याला देत नाही. मग तोही डोके लावायचे सोडून देतो आणि नळी हातात घेतो. गिऱ्हाईक आणि मेस्त यांनी मिळून हा रिवाज पाडला आहे, एकट्या मेस्तला शिव्या देण्यात अर्थ नाही. यंदा एसीच्या कामाला गेलो तेव्हा मी आधीच सांगितले, शोधण्याचे वेगळे पैसे देईन. तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला.

दुसरी एक वाईट चाल आपल्याकडे आहे, ती म्हणजे गळकी गाडी एप्रिल-मेमध्ये विकून टाकायची. कार्पेट उन्हात वाळते, वास जातो, डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची बाटली चिकटवली की झाले. घेणारा बिचारा जूनमध्ये रडतो. हे करणारे लोक एरवी भले असतात, देवळाला वर्गणी देतात. पण कुजलेल्या पत्र्यावर बसवलेली सीट दुसऱ्याच्या आईला विकणे हे मला तरी बरे वाटत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ऋतू कोणताही असो, उंबरठ्याची पट्टी उचलून कार्पेटखाली हात घालावा आणि डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघावा. पूर येऊन गेलेली गाडी वेगळी ओळखू येते. २०२१च्या जुलैमध्ये सत्तरी-डिचोलीत पाणी शिरले होते, तशा पुरात बुडालेल्या गाडीत चिखलाची रेघ चारही बाजूंना सारख्या उंचीवर असते. गळकीत एकाच कोपऱ्यात गंज आणि डाग असतो.

आणि ज्यांच्या गाड्या अजून कोरड्या आहेत त्यांनीही मेच्या शेवटी, घरावरची पन्हाळी साफ करतो त्याच दिवशी, गाडीचे बॉनेट उघडून वायपरखालची जाळी आणि दारांच्या तळाची भोके बघून घ्यावीत. भोकांत जाड तार खुपसू नये, रंग खरवडला जातो, झाडूची हीर पुरते. काही लोक गाडीच्या तळाची रबरी बुचे काढून ठेवतात, आत आलेले पाणी जावे म्हणून. पाणी काढून टाकण्यापुरती काढायला हरकत नाही, पण परत लावावीत. नाहीतर तुंबलेल्या रस्त्यावरून जाताना खालून तेवढेच वर येते.

माझी गाडी आता पुढून कोरडी आहे. या पावसात दोनदा बारा-बारा तास झड लागली, पावडरवर एक थेंब उमटला नाही. डिकीत मात्र स्टेपनीच्या खड्ड्यात परवा कपभर पाणी सापडले. स्वच्छ आहे, पाने नाहीत, आणि फक्त उजव्या बाजूला. मागच्या दिव्याचे रबर असेल असे शेजारचा मुलगा म्हणतो. मला मागच्या काचेच्या पाण्याच्या नळीचा संशय आहे. रविवारी उघाडी मिळाली तर बघू. पावडरचा डबा या वेळी मी स्वतःच्या पैशांनी वेगळा आणून ठेवला आहे.